गवती छपराचं जुनं घर: आधी वाचावं कसं, मग शाकारावं कसं

गवती छपराचं घर किती जुनं, असं विचारलं तर घरची माणसं पणजोबांचं नाव सांगतात. छपरातलं गवत मात्र जेमतेम तीन वर्षांचं असतं. दोन्ही खरं आहे. जोतं, मेढी (छप्पर पेलणारे खांब) आणि आढं (छपराच्या माथ्याचा आडवा दांडा) पिढ्यान्‌पिढ्या टिकावं असं बसवलेलं असतं. वासे आणि कूड (काठ्यांवर माती लिंपून केलेली भिंत) दहा-पंधरा वर्षांनी बदलायचे असतात. गवत, बांधणीचा वाख (दोरासारखा वापरायचा झाडाचा तंतू) आणि सारवण तर बदलत राहण्यासाठीच असतं. वर्षाचं काम दोन-तीन वर्षं राहून गेलं की पाणी गवतातून वाशात आणि वाशातून मेढीच्या डोक्यात उतरतं, आणि मग शंभर वर्षं उभी राहिलेली मेढ एका पावसाळ्यात वाकते.

पुढची सगळी माहिती सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या घरांना धरून आहे: पालघर-ठाण्यापासून रायगड-रत्नागिरीपर्यंतचा पट्टा आणि घाटमाथ्यालगतचं मावळ. इथे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माथ्यावर त्याहून बराच जास्त. उतार किती ठेवायचा, वळचण, म्हणजे छपराची खालची कड, किती खाली आणायची, भिंत कसली करायची, हे सगळं या पावसाने ठरवलेलं आहे. देशावरच्या पाचटाच्या छपराला किंवा किनाऱ्यावरच्या नारळाच्या झापांना यातली मापं जशीच्या तशी लावू नका.

घर वाचताना काय पाहायचं

हत्यार लावण्याआधी दोन दिवस नुसतं पाहण्यात घालवा. एकदा वासा काढला की तो कुठल्या खाचेत कसा बसला होता, हे कुणालाच आठवत नाही.

सुरुवात मेढीच्या बुडापासून करा. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. त्या बेचक्यात आढं बसतं. ती थेट जमिनीत पुरलेली असेल तर बांधणी जुन्या पद्धतीची. दगडी तळखड्यावर उभी असेल तर एक तर घर नंतरचं, नाहीतर कुजलेलं बूड कापून खाली दगड सरकवलेला. दुसरा प्रकार ओळखणं सोपं आहे: अशा मेढीचं बूड सपाट कापलेलं असतं आणि कापाचा रंग वरच्या लाकडापेक्षा उजळ दिसतो.

मग लाकडाचा पृष्ठभाग. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, कमी-जास्त खोलीचे फटके दिसतात. करवतीच्या कारखान्यातून आलेल्या लाकडावर समांतर रेषा असतात. लाकडी खुंट्यांचे सांधे, लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे आणि बाजारातले गोल तारेचे खिळे, हे साधारण याच क्रमाने घरात आलेले असतात. पण एका खिळ्यावरून घराचं वय ठरवू नका, तो दुरुस्तीतला असू शकतो. ज्या लाकडात विनाकारण खाचा आणि भोकं आहेत, ते आधी दुसऱ्या घरात होतं. चांगलं लाकूड मोडक्या घरातून काढून पुन्हा वापरणं हा इथला जुना रिवाज आहे, त्यामुळे मेढ घरापेक्षा जुनी असणं अगदी नेहमीचं.

छपरावर आज कौलं असली तरी खाली गवती घर दडलेलं असू शकतं. १८६५ साली बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं किनाऱ्याने उत्तरेकडे पसरली. अनेक घरांनी सांगाडा तोच ठेवून फक्त वरचं आवरण बदललं. खूण अशी: मंगळुरी कौलाला तीस अंशांच्या आसपासचा उतार पुरतो, तिथे या घरांचा उतार चाळीस-पंचेचाळीसचा असतो. शिवाय कौलांसाठी फुटा-फुटावर ठोकलेल्या रिपा नव्या दिसतात, पण खालचे वासे काजळीने काळे असतात. कौलावर कारखान्याचा छाप असतो, तोही टिपून घ्या.

या घराचा वंश किती मागे जातो हे कळायला इनामगाव उपयोगी पडतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं आणि साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली वस्ती उजेडात आली. आधीची घरं चौकोनी, ठेंगण्या मातीच्या भिंतींची. शेवटच्या काळातली गोल. छपराचं गवत इतकी वर्षं राहणं शक्यच नव्हतं. राहिले ते खांबांचे खड्डे, चोपलेली जमीन आणि चुली, आणि त्यांवरून छपराचा आकार मांडता आला. मावळातल्या भाज्याच्या बौद्ध लेण्यात गेलात तर चैत्यगृहातले (प्रार्थनेच्या दालनातले) खांब आतल्या बाजूला कललेले दिसतील. दगडाला असं कलण्याची काही गरज नाही. ती लाकडी सांगाड्याची नक्कल आहे. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडी फासळ्या आजही आहेत.

इनामगावचा धडा तुमच्या घरालाही लागू आहे. जमीन उकरावी लागली तर फावडं घालण्याआधी सारवणाचे थर, जुन्या मेढींचे बुजलेले खड्डे, आधीच्या चुलीची भाजलेली लाल माती यांचे फोटो घ्या आणि भिंतीपासूनची अंतरं लिहून ठेवा. पडवी नंतर जोडली का, गोठा कुठवर होता, हे जमीनच सांगते. कागदांपैकी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, अवश्य पाहा. त्यात घराचं मोजमाप आणि बांधकामाचा प्रकार असतो. जुन्या वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर गवत जाऊन कौल कधी आलं याचा अंदाज लागतो.

मोजमाप

लांबी, रुंदी, वळचणीची उंची, आढ्याची उंची आणि दोन्ही कर्ण, एवढी मापं पुरतात. कर्ण सारखे नसतील तर घर चौकोनातून सरकलं आहे. आढ्याच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा. मध्ये आढं दोरीखाली किती गेलंय ते मोजा. तीस फुटांच्या आढ्याला दोन-तीन इंचांचा बाक जुनाच असतो, त्याला हात लावायचं कारण नाही. त्याहून जास्त असेल, किंवा एकाच जागी मोडल्यासारखा दिसत असेल, तर तिथली मेढ खचली आहे. प्रत्येक मेढीला ओळंबा लावा. सगळ्या मेढी एकाच दिशेला कलल्या असतील तर दोष मेढींचा नाही: लांबीच्या दिशेने तिरपे आधार नाहीत आणि अख्खा सांगाडा वाऱ्याने ढकलला गेला आहे.

उतार नीट समजून घ्या, कारण गळतीची मुळं इथेच असतात. घराच्या अर्ध्या रुंदीइतकी आढ्याची उंची (वळचणीकडच्या आडव्या दांड्यापासून मोजून) असली की वाशाचा उतार ४५ अंश होतो. पण पाणी वाशावरून वाहत नाही, ते गवताच्या काडीवरून वाहतं, आणि काडी वाशापेक्षा सपाट असते. तीन फूट लांबीचं गवत नऊ इंच जाडीत बसवलं की काडी वाशापेक्षा सुमारे साडेचौदा अंशांनी आडवी होते. वासा ४५ वर असेल तर काडी तीसवर, पाणी झरझर खाली. वासा तीसवर असेल तर काडी पंधरावर, आणि मग पाणी रेंगाळतं, आत वळतं, गवत वाळतच नाही. जाडी वाढवली की काडी आणखी आडवी होते. म्हणून कमी उताराच्या छपरावर “अजून दोन थर टाका” हा उपाय उलटा पडतो. तिथे लांब काडीचं गवत शोधणं किंवा आढं उचलणं, एवढेच खरे इलाज.

मेढी, आढं, वासे

मेढ कुजते ती जमिनीलगतच्या वीतभर भागात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. खाली पुरलेला भाग आणि वरचा भाग पुष्कळदा ठणठणीत असतो. तपासायला विळ्याचं टोक घ्या आणि जमिनीपासून चार बोटं वर, चारही बाजूंनी जोर लावून खुपसा. अर्ध्या इंचाच्या आत अडकलं तर चिंता नाही. इंचभर सहज गेलं तर तिथली माती हात-दीड हात उकरून पाहा. मग त्याच विळ्याच्या मुठीने मेढीवर खालून वर ठोकत जा. खणखणीत आवाज अचानक बद्द झाला की आतून पोकळ. खैर, ऐन, जांभूळ आणि जुना साग सहसा दगा देत नाहीत. आंब्याची किंवा सावरीची मेढ असेल तर ती कुणीतरी घाईत घातलेली आहे, तिला बदलायच्या यादीत वर ठेवा.

कुजलेलं बूड कापायचं तर आधी जवळच्या तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू द्या आणि टेकूखाली फळी ठेवून पाचरी मारा. एका वेळी एकच मेढ घ्या. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, खाली वीतभर उंच, वर सपाट घडवलेला तळखडा बसवा. कापलेला भाग दीड-दोन फुटांहून मोठा असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा तिरका सांधा जोडा. सांध्याची लांबी मेढीच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी. खचलेली मेढ वर उचलताना रोज थोड्याच पाचरी मारा. एका दिवसात दोन इंच उचललं तर दुसऱ्या टोकाचे सांधे फाटतात आणि कुडाला भेगा जातात.

वाशांसाठी कळक किंवा माणगा जातीचा बांबू. माणगा जवळजवळ भरीव असल्याने वाशाला उत्तम. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू घेऊ नका: त्यात पिष्ट जास्त असतं आणि भुंगा त्यासाठीच येतो. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे दगडाखाली बुडवून ठेवला की पिष्ट बरंच धुऊन जातं. मग सावलीत उभा वाळवायचा. औषध द्यायचंच असेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) आठवडाभर भिजवाव्यात. हे औषध पावसाने धुपतं, म्हणून फक्त छपराखाली कोरड्या राहणाऱ्या भागाला. बांबू स्वतःच्या बांधावरचा असेल तर सोपं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. वनजमिनीतून बांबू, कारवी (कुडासाठीचं सरळ काड्यांचं झुडूप) किंवा गवत आणायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

वाशांमधलं अंतर दोन ते अडीच फूट. त्यांवर आडव्या कामट्या नऊ-नऊ इंचांवर. हे नऊ इंच सगळीकडे सारखे ठेवा, कारण गवताची प्रत्येक ओळ त्यांवरच मोजली जाते. बांधायला भिजवलेला वाख किंवा बांबूची ओली साल. वाळताना ती आवळते. कोरडी बांधली तर आठवड्यात ढिली पडते. तारेने बांधलेला सांधा पहिल्या वर्षी घट्ट वाटतो. मग धुरा-ओलीने तार गंजते, आणि त्याआधीच बांबूत रुतून तो चिरते. सुंभ चालतो, मात्र दोन वेढे जास्त द्यावे.

बांधणीतली एक जागा कधीही सोडू नका: वासा आढ्यावर जिथे टेकतो तिथे समोरासमोरच्या दोन वाशांची टोकं एकमेकांना बांधलेली हवीत, नुसती आढ्याला नव्हे. वळचणीकडेही प्रत्येक वासा आडव्या दांड्याला बांधा आणि दांडा मेढीला. वारा छपराला खाली दाबत नाही, वळचणीखालून शिरून वर उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आलं, तेव्हा छपरंच्या छपरं उडाली ती याच उचलीने.

गवत

कुसळी, पवन्या, तिखाडी ही डोंगरउतारावरची गवतं घ्या. चाऱ्यासाठी लोक पानाळ गवत शोधतात. छपराला उलट हवं, काडी जास्त आणि पान कमी. पान पाणी धरतं आणि कुजतं. कापणी बी गळून गेल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात. बी राहिलेलं गवत छपरावर गेलं की उंदीर आणि पाखरं ते उसकतात. कुसळीची कुसळं राहिली तर बांधणाऱ्याच्या हाताचेही हाल. भाताचा पेंढा फुकट मिळतो, पण वर्ष-दोन वर्षांत त्याचा चिखल होतो. गोठ्याच्या आडोशाला तो ठीक, राहत्या घराला नको. चांगलं डोंगरी गवत तीन ते पाच वर्षं जातं, वरच्या थराची डागडुजी करत राहिलं तर आणखी.

किती लागेल याचा हिशेब आधी करा. समजा घर ३० फूट लांब, १८ फूट रुंद, दुपाखी (दोन पाखी, म्हणजे दोन उतार असलेलं), उतार ४५ अंश. वळचण दोन्हीकडे अडीच फूट बाहेर, आढ्याची टोकं दीड-दीड फूट बाहेर. अर्धी रुंदी नऊ अधिक अडीच, साडेअकरा फूट, तिला १.४१ ने गुणलं की पाख्याची तिरकी लांबी सव्वासोळा फूट. आढं ३३ फूट. दोन्ही पाखी मिळून सुमारे १०७० चौरस फूट. नऊ इंचांच्या ओळीने प्रत्येक पाख्याला २२ ओळी होतात. दोन फूट घेराची घट्ट बांधलेली पेंढी एका ओळीत पावणेदोन फूट जागा भरते, म्हणजे ओळीला १९-२० पेंढ्या. वळचणीचा दुहेरी थर, आढं आणि १५ टक्के घट धरून ११०० पेंढ्या साठवाव्यात. वाळलेल्या गवताचं हे वजन दोन ते अडीच टन भरतं आणि पावसात वाढतं. वाशांची जाडी ठरवताना हे वजन डोळ्यांसमोर हवं.

गवत छपरावर चढवण्याआधी झाडून घ्या. जमिनीत दोन खुंट ठोका, त्यांना आडव्या पट्टीवर लांब खिळे ठोकून फणी करा आणि मूठ-मूठ गवत शेंड्याकडून ओढून काढा. पान आणि चुरा गळून पडतो. मग बुडखे जमिनीवर आपटून एका रेषेत आणा. कंटाळवाणं काम आहे, पण या कामाने छपराचं आयुष्य जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

शाकारणी

शाकारणीचं, म्हणजे छप्पर गवताने नव्याने झाकण्याचं, काम एप्रिलमध्ये सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवा. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७ जूनच्या. वळीव मात्र कुणाला विचारून येत नाही. उघड्या सांगाड्यावर एक वळीव पडला की कूड धुपतो, म्हणून एका दिवसात जेवढं झाकता येईल तेवढंच उघडा.

जुनं गवत काढण्याआधी ते खरंच काढायला हवं का, हे पाहा. लोखंडी सळई जागोजागी खुपसा. चांगल्या छपरात पाणी वरच्या एक-दीड इंचाखाली जात नाही, खालचं गवत सोनेरी आणि कोरडं असतं. वरचा काळा थर तेवढा खरवडून त्यावर चार-पाच इंच नवं गवत चढवता येतं. खालपर्यंत काळं, ओलं, हाताने चुरडणारं असेल तर पूर्ण उतरवा. उतरवताना तोंडाला फडकं बांधा, त्या धुळीत बुरशी असते. हातमोजे आणि बूट घाला. विंचू, क्वचित साप, वळचणीच्या थरात असतात. एक पाखं पूर्ण मोकळं करून दुसरं भरलेलं ठेवू नका. वजन एका बाजूला आलं की आढं पिळतं. दोन्ही पाखी पट्ट्या-पट्ट्यांनी बरोबरच उतरवा आणि बरोबरच भरा.

सुरुवात वळचणीपासून. पहिली ओळ दुहेरी, बुडखे खाली, शेंडे वर. वळचणीच्या कडेला दांड्यावर एक जाड कामटी जास्तीची बांधा, म्हणजे पहिल्या ओळीचे बुडखे किंचित उचलले जातात आणि वरच्या सगळ्या ओळी दाबून बसतात. ही कामटी नसली की पूर्ण पाखं ढिलं राहतं आणि वारा बुडख्यात शिरतो. पेंढी सोडून गवत सव्वादोन इंच जाडीत पसरा, वरून दाबकामटी ठेवा आणि आतल्या कामटीला आवळा. याला दोन माणसं लागतात: एक छपरावर, एक आत. वरचा माणूस बांबूची लांब सुई वाखासकट आत खुपसतो, आतला ती कामटीला वळसा घालून परत वर देतो. दर फुटावर एक टाका. टाका आवळताना वरच्याने गुडघ्याने गवत दाबायचं. नुसत्या हाताने ओढून ते बसत नाही.

दुसरी ओळ पहिलीच्या नऊ इंच वर. पहिलीची दाबकामटी आणि टाके तिच्या बुडख्यांखाली पूर्ण झाकले गेले पाहिजेत. उघडा टाका म्हणजे गळती. पाणी वाखाला धरून थेट आत येतं. तीन फुटी काडीच्या छपरात कुठल्याही जागी चार ओळी एकावर एक असतात, आणि नऊ इंच जाडी अशी भरते. काम एका हाताने चाललं असेल तर जाडी आपोआप सारखी येते. माणसं बदलली की दर तीन ओळींनी सळईने जाडी तपासा.

आढं ही सगळ्यात कच्ची जागा. शेवटच्या ओळींचे शेंडे आढ्यावरून पलीकडे वाकवून बांधा. त्यावर लांब, किंचित ओलसर केलेल्या गवताचा जाड थर दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट उतरेल असा आडवा घाला. कोरडं गवत वाकवताना मोडतं आणि मोडलेल्या काडीतून पाणी शिरतं. वरून बांबूच्या जोड्या कैचीसारख्या घालून त्या लांब कामट्यांनी एकमेकींना बांधा. आढ्याचा हा थर दर वर्षी बदलायचा, बाकीचं छप्पर कितीही चांगलं दिसत असो. सर्वांत शेवटी धारदार कोयत्याने वळचण खालून सरळ छाटा.

दोन पाखी आतल्या कोनात मिळतात ती जागा, म्हणजे पडवी काटकोनात जोडलेली असते तिथे, कितीही जाड गवत घातलं तरी दोन-तीन वर्षांत गळते. तिथे सगळ्या उताराचं पाणी एका रेषेत येतं. जुन्या घरांत असा कोन क्वचितच सापडतो. पडवी त्याच पाख्याखाली लांबवलेली असते, म्हणून तर ती इतकी ठेंगणी. ती उंच करण्याच्या नादात कोन तयार करू नका.

कूड आणि जमीन

कुडाला अंगठ्याएवढी जाड कारवी उभी लावतात, दोन्ही बाजूंनी आडव्या कामट्यांत आवळून. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. सह्याद्रीच्या बऱ्याच भागांत २०१६ आणि २०२४ साली हा बहर आला होता. बहरानंतर नवी रोपं कामाच्या जाडीची व्हायला काही वर्षं लागतात, म्हणून आपल्या भागातला बहर कधी होऊन गेला ते विचारून कामाचं वर्ष ठरवा.

लिंपणाच्या मातीची परीक्षा सोपी आहे. माती चाळून, भिजवून, मळून इंचभर जाडीची वळकटी करा आणि फळीच्या कडेवरून हळूहळू पुढे ढकला. दोन इंचांच्या आत तुटली तर वाळू जास्त, सहा इंचांपुढेही लोंबली तर चिकटपणा जास्त, म्हणजे वाळताना भेगा. पहिल्या थराच्या मातीत भाताचं तूस आणि बोटभर तोडलेला पेंढा घालून ती तीन-चार दिवस भिजत ठेवा, रोज पायाने तुडवा. हा थर आतून-बाहेरून एकाच वेळी द्यायचा, म्हणजे माती कारवीच्या फटींतून एकमेकींना धरते. पूर्ण वाळून भेगा पडू द्या. मग बारीक माती आणि शेण यांचा पातळ थर. पहिल्या थराच्या भेगा दिसल्या की घाबरून लगेच वर लिंपलं तर त्याच भेगा पुन्हा वर येतात. वळचणीखालचा वरचा हातभर कूड पुष्कळ घरांत मुद्दाम न लिंपता सोडलेला असतो. धूर आणि दमट हवा तिथून बाहेर जाते. तो बंद करू नका.

जे करू नये

गवताखाली प्लास्टिकचा कागद घालणं हा आज सर्रास चाललेला उपाय आहे, आणि जुन्या घरांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. पहिलं वर्ष घर गळत नाही. पण गवत खालून वाळतं ते घरातल्या उबेने आणि धुराने, ती वाटच बंद होते. घरातली वाफ कागदाच्या खालच्या अंगाला धरते, वाशांवर टपकते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत वरचं गवत व खालचे वासे दोन्ही कुजतात. तातडीने कागद टाकावाच लागला तर छपराच्या वरून टाका आणि पावसाळा संपताच काढा. कुडावर सिमेंटचा गिलावा हीच चूक दुसऱ्या रूपात: आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, कारवी आतल्या आत कुजते आणि एक दिवस गिलावा पत्र्यासारखा सुटून येतो.

चूल बंद होऊन गॅस आला की छपराचं आयुष्य घटतं, हेही लक्षात असू द्या. धुराची काजळी बांबूला भुंग्यापासून आणि गवताला बुरशीपासून राखत आली आहे. रोज चूल पेटत नसेल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी, माणूस हजर असताना, घरात धूर करा. बंद ठेवलेलं गवती घर राहत्या घरापेक्षा फार लवकर बसतं.

आगीचं भय मात्र पूर्ण वेळचं. शिवाजी महाराजांच्या काळात चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेल्या पत्रात, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, अशी ताकीद आहे. आज वातीची जागा विजेच्या वायरीने घेतली आहे. वायर गवताला किंवा वाशाला कुठेही टेकू देऊ नका, पूर्ण पाइपातून मेढीवरून न्या, आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं स्विच बसवा. चुलीच्या वर छपराच्या आतल्या अंगाला कामट्यांवर माती-शेणाचं लिंपण द्या. फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात, तेव्हा घराभोवतीचं वाळलं गवत वीस-पंचवीस फुटांपर्यंत काढून टाका.

पहिला पाऊस

पहिल्या चार-पाच दिवसांत नव्या छपरातून तपकिरी पाण्याच्या पागोळ्या पडतील, ते धुपणारं गवत आहे. आत एक-दोन थेंब पडले तरी लगेच वर चढू नका. ओल्या छपरावर पाय दिला की ओळी सरकतात. जिथे थेंब पडतो ती जागा कोळशाने वाशावर खूण करून ठेवा. गळतीचं तोंड थेंबाच्या नेमकं वर नसतं, काडीच्या दिशेने फूट-दीड फूट वरच्या अंगाला असतं. उघडीप मिळाली की शिडी पाख्यावर आडवी टाकून, तिच्यावर वजन देऊन, त्या ठिकाणी वरच्या ओळीखाली मूठ-दोन मुठी गवत बुडखे खाली करून सारा आणि थापीने ठोकून बसवा. झड ज्या बाजूने येते, म्हणजे बहुतेक ठिकाणी नैर्ऋत्येकडून, त्या बाजूच्या पडवीला जूनच्या आधीच ताट्या (गवता-पानांचे आडोसे) बांधलेल्या असाव्यात.

पावसाळा संपला की तारीख, बदललेल्या ओळी, आढ्याचा थर, कुठली मेढ तपासली आणि विळा किती गेला, हे एका वहीत लिहून ठेवा. उतरवलेलं काळं गवत फेकू नका. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, ते कामी येतं.